एक्याण्णवला पास करणारे डॉक्टर

आमच्या लातुरात ओळखीचं माणूस भेटलं की पाणी विचारायच्या आधी टक्के विचारतात. लग्नात विचारतात, बारशात विचारतात. कुणाच्या मातीला गेलं तर तिथंही एखादा कडेला घेऊन हळूच विचारतोच, "धाकट्याचं काय झालं मग? किती पडले?" नव्वदीच्या आतलं उत्तर ऐकलं की त्याचा चेहरा मयताच्या घरच्यांपेक्षा जास्त उतरतो. अशा या गावात एक डॉक्टर होते, ज्यांच्याकडं शंभर म्हणजे नापास. एक्याण्णवला पास, त्र्याण्णवला शाबासकी, आणि आकडा पंचाण्णवच्या वर गेला की हातातला चहा तसाच ठेवून ते धावत यायचे आणि विचारायचे, "कुणी केलं हे?"

बागवान डॉक्टर मूळचे उदगीरचे. वेळेआधी जन्मलेल्या, ओंजळीत मावणाऱ्या बाळांचे डॉक्टर. मी बिलोली तालुक्यातली, शेतकऱ्याची मुलगी, नांदेडला नर्सिंग शिकलेली. माझी जवळजवळ सगळी नोकरी त्यांच्या हाताखाली गेली. त्यांचं चरित्र सांगणं मला जमणार नाही. कुठल्या साली कुठली पदवी घेतली हे त्यांच्या बेगमलाही धड सांगता यायचं नाही. मला आठवतात त्या त्यांच्या खोडी, आणि त्या आठवल्या की आधी हसूच येतं.

बुटका बांधा, पुढं आलेलं पोट, आणि त्या पोटाच्या मानाने फारच नाजूक बोटं. वॉर्डात शिरताना बूट बाहेर काढून नुसत्या पायमोज्यांवर चालायचे, त्यामुळं कधी मागं येऊन उभे राहिले ते कळायचं नाही. बाळाला हात लावण्याआधी धुतलेले हात वॉर्मरच्या उजेडाखाली धरून शेकोटीला बसल्यासारखे उभे राहायचे. घाई कितीही असो, गार हात बाळाला लागता कामा नये. नवे ज्युनिअर डॉक्टर पाठीमागं ताटकळत, आणि हे आपले हात उलटेपालटे करत बाळाशी दखनीत गप्पा मारतायत, "क्या मियाँ, रात को नींद आई? भूक लगी क्या?" बाळ काय बोलणार! पण सरांना उत्तर मिळालंय असं त्यांच्या तोंडावरून वाटायचं.

बागवान म्हणजे फळवालेच, त्यांचे वडील उदगीरच्या बाजारात फळं विकायचे. त्यामुळं आमच्या वॉर्डात बाळांची नावं फळांवरून. अगदी लहानगं असलं तर बोर, जरा भरलं की जांभूळ, मग रामफळ, आणि घरी सोडायच्या दिवशी टरबूज. आयांनाही ते पाठ झालेलं. "सिस्टर, माझं जांभूळ कधी रामफळ होणार वो?" असं बाहेर बसलेल्या बाया मला विचारायच्या. नवीन माणसाला वाटायचं, इथं फळांचा लिलाव चाललाय की काय.

वडील गेल्यावर दुकान धाकट्या भावाकडं गेलं आणि दुकानातला एक जुना पत्र्याचा बोर्ड तेवढा डॉक्टरांनी मागून आणला. हिरव्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं: 'फळ दाबून पाहू नये.' तो त्यांनी आमच्या वॉर्डात, व्हेंटिलेटरच्या बरोब्बर वर टांगला.

आता हे जरा सांगायला पाहिजे. लवकर जन्मलेल्या बाळाची फुप्फुसं कच्ची असतात. भाजीवाला नवी कोरी पिशवी देतो, तिच्या बाजू एकमेकींना चिकटलेल्या असतात ना, तशी ती आतून चिकटतात. प्रत्येक श्वासाला ती उघडायची म्हणजे त्या एवढ्याशा जिवाची दमछाक. मग माणसाला वाटतं, मशीन लावावी आणि जोरात हवा भरावी. तसं केलं की श्वास तर मिळतो, पण ती नाजूक पिशवी आतून ताणते, सुजते, आणि जगलेलं बाळ पुढं कायमचं धापा टाकतं. बागवान डॉक्टरांचं म्हणणं एकच. पिशवी रिकामी होऊ द्यायची नाही, थोडी हवा आत राहू द्यायची, मग ती चिकटतच नाही. बाकी श्वास बाळाचा बाळ घेईल. "तुम्ही फक्त दार पुरतं लोटू नका," ते म्हणायचे, "थोडं उघडं ठेवा. यायचा तो येईल."

व्हेंटिलेटर त्यांनी घेतला होता आणि गरज पडली की लावतही. पण एरवी त्या मशीनवर बेगमनी शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर असायचं, लोक टीव्हीला घालत तसं. मशीन विकायला आलेला माणूस हैदराबादचा होता, टाय लावलेला. ही मशीन किती दाब देऊ शकते हे तो मोठ्या अभिमानाने सांगत होता. सर ऐकत राहिले आणि शेवटी विचारलं, "ते झालं. कमीत कमी किती देते?" त्याने कागद चाळले. कमीत कमी किती, हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. सर म्हणाले, "ते बघून या. मग घेतो."

एकदा एक नवा ज्युनिअर आला, सुवर्णपदकवाला, दणकट. बाळाच्या तोंडावर मास्क धरून हाताने दाबायची रबरी पिशवी असते, तिला आम्ही अंबू म्हणतो. बाळ जन्मून रडलं नाही म्हणून याने अंबू घेतली आणि मुठीत धरून अशी दाबायला लागला की विचारू नका. सर पायमोज्यांवर मागं येऊन उभे. हळूच म्हणाले, "डॉक्टर, सायकल पंक्चर झाली का?" मग आपली दोन बोटं आणि अंगठा त्या पिशवीवर ठेवून दाखवलं. झोपलेल्या मांजराचं पोट जेवढं वरखाली होतं तेवढीच बाळाची छाती उचलली. "बस. यापेक्षा जास्त उचलली तर समजा तुम्ही बाळासाठी नाही, स्वतःच्या भीतीसाठी दाबून राहिलेत." तो ज्युनिअर आता स्वतः मोठा डॉक्टर आहे, आणि त्याच्याही वॉर्डात तसलाच बोर्ड आहे असं ऐकते.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते भूकंपाच्या वेळी. मी नुकतीच शिकून बाहेर पडले होते आणि औशाकडच्या एका गावाच्या छावणीत आम्हाला पाठवलं होतं. त्या दिवसांबद्दल मी फार बोलत नाही. गावंच्या गावं माती झाली होती. जे उरले ते छपराला भ्यायचे. तंबूत बसतील, झाडाखाली बसतील, पण भिंत दिसली की पाय मागं. तिथं एक बाई दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. घरातली माणसं दगडाखाली गेलेली, मागं ती आणि तिची सासू. बाळ मुलगा, इवलासा, प्रत्येक श्वासाला कण्हत होता. लातूरच्या दवाखान्यात नेऊ म्हटलं तर सासूने बाळाला पदराखाली घेतलं.

"मी न्हाई येत छपराखाली. अन् लेकराला बी न्हाई नेऊ देणार. मरायचं तर उघड्यावर मरू."

आम्ही सगळे तिला समजावत होतो, कुणी रागावत होतं. तेवढ्यात हा बुटका डॉक्टर तिच्यासमोर मातीत बसला. "नका येऊ आजी," म्हणाला, "तुमचं बरोबर हाय. मीच इथं राहतो."

आणि राहिला. मदतीच्या ट्रकमध्ये ऑक्सिजनचं सिलिंडर होतं. सलाइनची रिकामी बाटली, नळी, आणि मदत म्हणून आलेल्या जुन्या कपड्यांच्या ढिगात कुणाची तरी राहून गेलेली शिंप्याची टेप. टेप कापून त्यांनी बाटलीला चिकटवली, बाटलीत पाणी भरलं आणि नळीचं एक टोक पाण्यात पाच सेंटिमीटर बुडवलं. दुसरं टोक बाळाच्या नाकाशी, आणि मधे सिलिंडरची नळी जोडली. बाळाने सोडलेली हवा त्या पाण्यातून बुडबुडे काढत बाहेर पडायला लागली. त्या पाच सेंटिमीटर पाण्याच्या अडसराने बाळाची फुप्फुसं पुरती मिटेनात. थोड्या वेळाने कण्हणं कमी झालं.

सासू बाटलीकडं बघत बसली होती. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा काही वेगळं बोलली. "डाक्टर, हुक्का ओढून राहिला का वो माझा नातू?"

"हाव आजी," सर म्हणाले, "निजामाचा हुक्का हाय. लई नवाब लेकरू हाय तुमचं."

ती हसली. छावणीतलं कुणीतरी हसताना मी त्या आठवड्यात तेवढंच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा धक्का बसला. लहानच होता, पण त्या दिवसांत लहान धक्क्यानेही माणसाचं पाणी व्हायचं. सगळे जागच्या जागी खाली बसले, बाया रडायला लागल्या. सरांनी बाटली दोन्ही हातांत धरली, नळी पाण्यातून बाहेर निघू नये म्हणून. पाणी डचमळत होतं. ते जमिनीकडं बघून इतकंच म्हणाले, "बस कर माय. लेकरू झोपलंय." आणि जमीन थांबली. थांबायचीच होती, मला माहीत आहे. पण तेव्हापासून मी ठरवलं, नोकरी करायची तर या माणसाच्या हाताखाली. त्या सासूबाई पुढं दरवर्षी सुगीला नातवाला आणि हुरडा घेऊन लातूरला यायच्या, आणि छपराखाली यायला शिकल्या होत्या.

लातुरात सरांनी दवाखाना काढला तो क्लासेसच्या गल्लीत. जागा स्वस्त मिळाली म्हणून घेतली आणि मग ती गल्ली बघता बघता अशी फुगली की विचारू नका. नांदेडपासून, निलंग्यापासून, पार कुठून कुठून पोरं यायला लागली. मेस, होस्टेल, झेरॉक्सची दुकानं. आणि आमच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर, विश्वंभर सरांचे भौतिकशास्त्राचे क्लासेस. त्यांच्या बोर्डावर लिहिलेलं: 'शंभरापेक्षा कमी काहीच नाही.' खाली काचेच्या दारातून दिसणारा आमचा बोर्ड, 'फळ दाबून पाहू नये.' जिना चढणाऱ्या पोरांना दोन्ही एकदमच वाचावे लागायचे.

या दोघांचं भांडण म्हणजे आमची करमणूक होती. कारण चपलांचं. बॅच भरली की शेकडो चपला आमच्या दारापर्यंत सांडलेल्या. सर वर निरोप पाठवायचे, "सांगा तुमच्या सरांना, माझे पेशंट अजून चालत नाहीत, पण त्यांच्या आया अडखळतात." वरून उत्तर यायचं, "तुमच्या पेशंटांचीही नावं आत्ताच नोंदवून ठेवा म्हणावं, अठरा वर्षांनी जागा मिळायची नाही." जिन्यात भेटले की सर म्हणायचे, "विश्वंभर सर, आपला धंदा एकच. कच्चा माल पिकवायचा. फक्त मी आढीत घालतो, तुम्ही कार्बाइड वापरता." आंबे गवतात दाबून ठेवतात ती आढी, पावडर टाकून एका रात्रीत पिवळे करतात ते कार्बाइड. विश्वंभर सर उंच, ताठ, मिशीवाले. त्यांना हा विनोद कळायचा, पण हसायचे नाहीत. हसले तर शिस्त बिघडेल असं त्यांना वाटत असावं.

आणि मग एके दिवशी विश्वंभर सर स्वतःच आमच्या दारात उभे राहिले. चपला काढायच्या विसरून. लग्नाला खूप वर्षं झाली होती, देवधर्म, डॉक्टर, सगळं झालं होतं, आणि आता कुठं सुनंदावहिनींना दिवस गेले होते, तर मुलगी दोन महिने आधीच झाली. जांभूळसुद्धा म्हणता येणार नाही, बोरच. विश्वंभर सरांच्या मिशा थरथरत होत्या. मला त्या माणसाची इतकी दया आली की चपलांचे सगळे गुन्हे मी तिथंच माफ केले.

आता आमच्याकडं बऱ्या सोयी होत्या. हवा आणि ऑक्सिजन हवा तेवढा मिसळून देणारं यंत्र होतं. त्याआधी काही वर्षं सरांनी माशांच्या टाकीला हवा द्यायला लावतात तसले पंप आणून काम भागवलं होतं. बाटलीची मात्र तीच पद्धत, पाण्यात बुडवलेली नळी, बुडबुडबुड. विश्वंभर सर बाटलीकडं बघतच राहिले.

"एवढंच?" ते म्हणाले. "डॉक्टर, ती कव्हर घातलेली मोठी मशीन आहे ना? ती लावा. पैशाकडं बघू नका. नाहीतर मी हैदराबादला हलवतो."

"हलवा," सर शांतपणे म्हणाले. "अडवणार नाही. पण रस्ता खड्ड्यांचा आहे आणि लेकरू आत्ताच आढीत घातलंय. आढी सारखी उकलली की फळ नासतं. ती स्वतः श्वास घेऊन राहिली. थकली तर मोठी मशीन लावीन, तुम्ही न सांगता लावीन. थोडा दम धरा."

विश्वंभर सर वहिनींकडं बघून थांबले. सर नातेवाइकांना वॉर्डात येऊ द्यायचे. हात धुवा, गाऊन घाला, आणि बसा. तंबूपासूनची त्यांची पद्धत. त्यामुळं विश्वंभर सर रोज बॅच सुटली की येऊन बाळाशेजारी बसायचे. पण बघायचे ते बाळाकडं नाही, मॉनिटरकडं. तिथं रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा दिसतो. एक्याण्णव. ब्याण्णव. पुन्हा एक्याण्णव. ज्या माणसाने आयुष्यभर एक्याण्णववाल्यांना 'पुढच्या वर्षी रिपीट कर' म्हणून परत पाठवलं, त्याच्या पोटच्या पोरीला दिवसरात्र एक्याण्णव!

"सिस्टर, हिला वाढत का नाहीत?" ते मला विचारायचे. मी सांगायचे, सर, एवढेच पाहिजेत. ते मान हलवायचे, पण डोळ्यांत विश्वास नाही. शिक्षकाला 'एवढेच पुरेत' कसं पटणार!

मग ती पेढ्यांची सकाळ. मी पलीकडं नव्या आलेल्या बाळाला बघत होते. सर राउंड संपवून बाहेरच्या खोलीत चहा घेत होते. बाहेर एकदम गलबला. बघते तर विश्वंभर सर पेढ्यांचा पुडा घेऊन सगळ्यांना वाटतायत, आयांना, मावश्यांना, वॉचमनला. चेहरा फुललेला. मिशांसकट हसत होते. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होते.

सरांच्या हातावरही पेढा ठेवला. सर म्हणाले, "अरे वा! कशाबद्दल?"

"पोरीला नव्याण्णव पडले डॉक्टर!"

सरांचा पेढा खाली पडला. बूट होते की पायमोजे, कळलं नाही, ते धावलेच. वॉर्डात येऊन त्यांनी पाहिलं तर ऑक्सिजन मिसळायचा नॉब जवळजवळ शेवटपर्यंत फिरवलेला. आमचा तो जुना मॉनिटर आकडा कमी झाला की बोंबलायचा. जास्त झाला की मात्र गप्प. सरांनी नॉब सावकाश मागं आणला. आकडा उतरायला लागला. अठ्ठ्याण्णव, शहाण्णव, चौऱ्याण्णव. दारात विश्वंभर सर आले होते आणि आपल्या डोळ्यांसमोर पोरीचे मार्क कमी होताना बघत होते.

"हे काय करायलाव डॉक्टर!" ते ओरडले. "इतके चांगले पडले होते!"

"कुणी फिरवलं हे?"

"मी. सकाळी आल्याबरोबर. मी भौतिकशास्त्र शिकवतो, मला कळतं त्यातलं. जास्त ऑक्सिजन, जास्त आकडा."

मला वाटलं, आता सर फाडून खाणार. रागावले की ते भयंकर रागावत, सगळी दखनी बाहेर यायची. पण त्यांनी विश्वंभर सरांना स्टुलावर बसवलं. म्हणाले, "सर, पोटातल्या बाळाला ऑक्सिजन कमीच असतो. हिने अजून दोन महिने तसंच असायला पाहिजे होतं. तुमची पोरगी पोटातच आहे असं समजा, फक्त पोट आपण बाहेर मांडलंय. जास्त ऑक्सिजन तिच्या फुप्फुसाला पोळतो. आणि डोळ्याच्या मागं ज्या बारीक रक्ताच्या नळ्या वाढून राहिल्या, त्या बिघडतात. बिघडल्या तर दिसत नाही."

विश्वंभर सरांनी मॉनिटरकडं पाहिलं. मग अगदी लहान आवाजात म्हणाले, "म्हणजे मी..."

"माहीत नाही," सर म्हणाले. "एका सकाळीत बहुतेक काही होत नाही. पण डोळ्याचे डॉक्टर येऊन तपासतील तेव्हाच सांगता येईल. खोटा दिलासा मी देत नाही." मग म्हणाले, "आता तुम्हाला काम देतो. इथं बसायचं. एक हात तिच्या डोक्याला, एक पायाला, नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. आणि आकड्यावर नजर. पंचाण्णवच्या वर चढायला लागला की सिस्टरला हाक मारायची. नॉबला हात लावलात तर वर येऊन तुमच्या सगळ्या बॅचला सुट्टी देईन."

आणि लातूरनं एक नवल पाहिलं. विश्वंभर सर वॉर्डात बसून ओरडतायत, "सिस्टर, चौऱ्याण्णव झाले! पंचाण्णव व्हायलेत! कमी करा, कमी करा!" त्यांचे विद्यार्थी दारातून डोकावून ऐकायचे आणि एकमेकांकडं बघायचे. एकाने तर मला बाजूला घेऊन विचारलं, "सिस्टर, सरांची तब्येत बरी हाय ना?"

बाहेर हसू होतं, पण आत नव्हतं. विश्वंभर सर जेवत नव्हते. डोळे तपासायला बाळ जरा मोठं व्हावं लागतं, म्हणजे थांबणं आलंच. ज्या माणसाने दरवर्षी हजार घरांना निकालाची वाट बघायला लावली, तो आता स्वतः वाट बघत होता. वर बॅच सूत्रं घोकायची, तो आवाज खाली यायचा. एकदा ते म्हणाले, "पोरांना गप्प करू का डॉक्टर? हिला त्रास होईल." सर म्हणाले, "राहू द्या. तुमचं घर क्लासला लागूनच, तिला आईच्या पोटातूनच ऐकायची सवय आहे. झोपते बघा कशी!" खरंच ती सूत्रांवरच झोपायची.

डोळ्यांचे डॉक्टर नांदेडहून आले तो दिवस मला लख्ख आठवतो. खोली अंधारी केली होती. सुनंदावहिनी भिंतीला टेकून उभ्या, विश्वंभर सर बाहेरच थांबले, त्यांना आत यायचं धैर्य होईना. बागवान डॉक्टर बाळाचं डोकं दोन्ही हातांत धरून उभे होते. त्यांच्या कपाळाला घाम आलेला मी पुसला. तपासून झाल्यावर डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "नळ्या नीट वाढतायत. पुन्हा बघू, पण काळजीचं नाही." सर बाहेर गेले आणि विश्वंभर सरांना म्हणाले, "पास." तो ताठ माणूस जिन्याच्या पायरीवर, चपलांच्या ढिगात बसला आणि हमसून हमसून रडला. बागवान डॉक्टरही त्याच्या शेजारी बसले. दोघांनी मिळून जिना अडवला म्हणून बॅच उशिरा भरली.

ती मुलगी टरबूज होऊन घरी गेली. नाव ठेवलं मुक्ता. आणि पुढं कधीतरी वरचा तो 'शंभरापेक्षा कमी काहीच नाही' बोर्ड निघाला. रंगवायला नेलाय असं सांगायचे. तो कधी परत आला नाही.

नोकरी संपल्यावर मी नांदेडला आले. काही वर्षांनी सरही नांदेडला आले. त्यांची मुलगी विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते, तिच्याजवळ. पुढं एका हिवाळ्यात ते गेले, झोपेतच, कुणाला त्रास न देता. पण मला ते आजारी किंवा गेलेले आठवतच नाहीत. मला आठवतो तो त्याआधीचा जून.

दहावीचे निकाल लागले होते. सरांना भेटायला म्हणून गेले तर फाटकाशी विश्वंभर सर, मिशा पांढऱ्या झालेल्या, आणि शेजारी एक उंच मुलगी. हातात पेढ्यांचा पुडा. ओसरीत सर बसलेले. वर भिंतीला तोच हिरवा पत्रा.

"तिथंच थांब," सर ओसरीतूनच मुलीला म्हणाले. "हा बोर्ड वाच."

मुक्ताने फाटकातूनच वाचलं, "फळ दाबून पाहू नये." अक्षरं उडालेली होती, मला चष्मा लावूनही दिसत नव्हती.

"आता पळत ये."

ती पळत आली. पायऱ्या चढून आली. सर तिच्या तोंडाकडं नाही, तिच्या गळ्याच्या खळीकडं बघत होते. दमलेल्या बाळाची ती खळी आत ओढली जाते, तिथं बघायची त्यांची जुनी सवय. खळी स्थिर होती. मग कुठं त्यांनी विश्वंभर सरांकडं पाहिलं.

"किती?"

"एक्याण्णव, डॉक्टर." विश्वंभर सर म्हणाले. "गावात लोक हळहळायलेत. क्लासवाल्याच्या पोरीला एक्याण्णवच म्हणून. मी काल दिवसभर पेढे वाटले. लोकांना वाटलं मी चिडून वाटायलोय."

सरांनी मधुमेह विसरून पेढा तोंडात टाकला. आतून बेगम ओरडल्या. "एक्याण्णव," ते तोंड भरल्या भरल्या म्हणाले, "म्हणजे अगदी जागेवर आहे."

मग मुलीला घेऊन आतल्या खोलीत गेले. उदगीरहून भावाने पाठवलेले आंबे पलंगाखाली गवतात घातले होते. गुडघे धरत खाली बसून त्यांनी आढी थोडीशीच उकलली, एक आंबा काढला आणि तिच्या हातावर ठेवला. तिने अंगठ्याने दाबायला सुरुवात केली तसं त्यांनी तिचं बोट बाजूला केलं.

"दाबना नक्को. बागवान आंबा दाबत नाही. देठाशी नाक लाव. ओढ श्वास. आणखी. पुरता ओढ."

मुक्ताने डोळे मिटून लांबलचक श्वास घेतला. तिची छाती भरत भरत वर आली, आणि तशीच सावकाश खाली गेली. "पिकलाय," ती म्हणाली. सर आंब्याकडं बघतच नव्हते. ते अजून तिचा श्वास बघत होते.